पोदेराच्या फोर्नातले रॉड

५ ऑक्टोबर, शनि.

वेल्डिंगचे रॉड गरम ठेवायची पेटी मेली. सकाळी झाकण उघडलं तर आत थंडगार. कॉइल गेली. म्हापशाचा दुकानदार म्हणतो, दसरा होऊन जाऊ दे, सध्या माणूस नाही. त्याच्याकडे माणूस कधीच नसतो, फक्त बिलं करायला असतो.

पाऊस जायचं नाव घेत नाही. वर्कशॉपच्या भिंतीला हात टेकला तरी तळवा ओला. चतुर्थीआधी फोडलेली ७०१८ रॉडची पाकिटं शेल्फवर उघडी पडलीत. तुकोला विचारलं, तर म्हणे पिशवीत घालून ठेवली होती. पिशवीला खाली हे एवढं भोक. पंधरा वर्षं वेल्डिंग करतोय हा माणूस. सावंतवाडीकडून आला तेव्हा बाबांनी ठेवून घेतला, मी वारशात घेतला.

आणि नेमके आजच भावजी, लताताईचे यजमान, टिपर घेऊन हजर. मुळगावहून, न विचारता. हौद्याची मागची बिजागरी, उजवा ब्रॅकेट अर्धा फाटलेला, डावाही त्याच वाटेवर. पावसाळाभर गाडी अंगणात उभी होती तेव्हा यांना आठवण झाली नाही. आता खाणीच्या ट्रिपा सुरू होतायत, लाईनीत नंबर लागलाय, सोमवारी गाडी पाहिजे. जाड प्लेट आणि त्यात बिजागरीची पिन फिरते तो ओतीव बुश, साध्या रॉडचं काम नव्हे. सुके ७०१८ मिळाल्याशिवाय मी हात लावणार नाही म्हटलं.

बाबा कदेलीवरून बोलले. निवृत्त झाल्यापासून ती कदेल म्हणजे त्यांची न्यायाधीशाची खुर्ची.
"आमच्या वेळार खंय आशिल्ली पेटी? रॉड पोदेराच्या फोर्नात दवरताले. कायतानाक सांग."

हसले नाही, कारण ते खरं आहे. लहानपणी पोदेराकडे पांव आणायला गेले की फोर्नाच्या, त्याच्या भट्टीच्या तोंडाशी बाबांच्या रॉडचा ट्रे दिसायचा.

६ ऑक्टो., रवि.

कायतान पोदेराकडे रॉड देऊन आले. त्याने फोर्नाच्या फरशीवर चिमूटभर पीठ फेकलं, ते तिथल्या तिथे काळं झालं. म्हणाला, संध्याकाळचे पांव निघाले की तुझे रॉड आत, सकाळी घेऊन जा. मी तापमान विचारलं तर पिठाकडे बोट केलं. मी आयटीआयचं शहाणपण खिशात ठेवलं आणि परत आले.

७ ऑक्टो., सोम.

रॉड आले. गोणपाटात गुंडाळलेले, हाताला चटका बसेल इतके गरम, आणि वास पांवाचा. तुको म्हणाला, रॉड मारायचे की चहाबरोबर खायचे.

ब्रॅकेट मी स्वतः केले. तुकोला फक्त गॅसने प्लेट तापवायला ठेवलं. बुशभोवती वेल्डचे पास, थर एकावर एक, मध्ये स्लॅगची खपली काढून, घाई न करता. उजवीकडचा शेवटचा पास इतका सरळ उतरला की मीच थोडा वेळ बघत बसले. बाबा कदेल सोडून उठून आले, चष्मा वर करून वाकून बघितलं, "बरें" म्हणाले. बाबांचं 'बरें' मला आयुष्यात फार वेळा मिळालेलं नाही.

भावजी दुपारनंतर गाडी घेऊन गेले. लताताईने डब्यातून काकडीची तवसळी पाठवलेली, ती तुकोने संपवली.

८ ऑक्टो., मंगळ.

उरलेले रॉड तुकोने हळर्णच्या चिरेखाणीवाल्याच्या कामाला वापरले. चिरे कापायच्या मशीनची आर्म. तीपण जाड, तीपण आधी तापवून. काम चांगलं दिसतंय. रात्रभर न ठेवता चिरेखाणीवाला लगेच घेऊन गेला.

डोकं दुखतंय. पाऊस.

१० ऑक्टो., गुरु.

चिरेखाणीवाला आर्म परत घेऊन आला. मशीनवर अजून चढवलीसुद्धा नव्हती. शेडमध्ये नुसती आडवी पडून होती, आणि आज सकाळी बघतो तर चीर. वेल्डमध्ये नाही, वेल्डच्या कडेला, मूळ प्लेटमध्ये, केसाएवढी. त्यावरून नख फिरवलं तर अडकतं.

आधी तुकोवर ओरडले. माझी ही सवय जाणार नाही. तो शांतपणे म्हणाला, "बाय, मियां तापवनच मारलंय. तुमी बगी होतास." बघत होते, खरं आहे.

 न तापवता केलं असतं तर वेगळी गोष्ट. भार न पडता, दोन दिवसांनी, कडेला चीर येते ती एकाच कारणाने. आयटीआयचे सर फळ्यावर काढून दाखवायचे. रॉडच्या लेपात ओल असली की वितळलेल्या लोखंडात हायड्रोजन शिरतो, त्या दिवशी काही दिसत नाही, वेल्ड छान दिसतो, आणि मग एखाद-दोन दिवसांनी आतून तडकतं. पण हे रॉड गरम होते. हात भाजला माझा.

तशीच स्कूटर काढून कायतानाकडे. तो पीठ मळत होता. रॉड कसे ठेवलेस विचारलं तर हौसेने सांगायला लागला. पावसात लाकडं भिजलेली, म्हणून माझे रॉड आत घातल्यावर दुसऱ्या दिवसाची लाकडंही मागोमाग फोर्नात रचली आणि तोंडावर पत्रा लावला.
"तुजे रॉडय सुकले, म्हजीं लांकडांय सुकलीं."

म्हणजे ओल्या लाकडांची सगळी वाफ, पत्रा लावून बंद केलेली, रात्रभर माझ्या रॉडना. गरम म्हणजे सुकं, असं मी धरून चालले. फोर्न उघडताना आत काय काय होतं हे विचारलं नाही.  त्याने जाताना दोन पांव हातात दिले. घेतले.

भावजींना फोन. लागला नाही. परत लावला, लागला नाही. ओल्या मातीचं खनिज हौद्याला चिकटतं, मग हे हौदा वर उचलून बाजूला उभे राहतात आणि फावड्याने ठोकून माती पाडतात. त्या बिजागरीच्या शेजारी. सगळेच ड्रायव्हर तसं करतात.

संध्याकाळ.

मुळगावला जाऊन आले. स्प्रेचे डबे, तारेचा ब्रश, चिंध्या घेऊन. खाणीच्या गेटपासून टिपरांची लाईन, भावजी मधोमध. गाडी भरलेली. दसऱ्यासाठी ब्रॅकेटला काळा रंग मारून ठेवलाय, वर चिखल. डाव्या बाजूला वाकून पोचता आलं. रंग खरवडला, लाल स्प्रे मारला, थांबले, पुसलं, पांढरा मारला. पांढरं पांढरंच राहिलं, चिरेतून लाल वर आलं नाही. उजवीकडे हौदा उचलल्याशिवाय हात जात नाही, आणि भरलेला हौदा तिथे लाईनीत कोण उचलणार.

बाकीचे ड्रायव्हर जमा झाले. कुणीतरी म्हणालं, मेव्हणीने गाडीला पावडर लावली. हसले सगळे. भावजीही हसले. म्हणाले, "तुवें केलां म्हणून हांव निश्चिंत आसां."

त्या वेळी सांगायला पाहिजे होतं. मोठ्याने, सगळ्यांसमोर. माझा वेल्ड खराब आहे, ही गाडी खाली उभी करा. पण ती माणसं माझी गिऱ्हाइकं आहेत. निम्म्या गाड्यांचे हौदे धारगळला माझ्याकडे येतात. मी म्हणाले, "जरा बघायचं आहे, हे झाल्यावर गाडी आणा." जरा. ते म्हणाले, लाईन सोडली तर परत शेवटी जावं लागतं, दसरा झाल्यावर आणतो. मी मान डोलावली आणि स्कूटर सुरू केली.

घरी येऊन ते दोन पांव फेकून दिले. उगाच.

११ ऑक्टो., शुक्र.

सकाळी भावजींचा फोन आला. काल माल खाली केला, काही झालं नाही, उगाच घाबरतेस म्हणाले. हौदा वर, फावडं, सगळं नेहमीसारखं. मी विचारलं, उजवीकडे उभे होता का. म्हणाले, "मागीर खंय उबें रावपाचें?"

फोन ठेवला आणि लताताईला लावला. सगळं सांगितलं. कायतान, लाकडं, चिरेखाणीची आर्म, कालची लाईन. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाली, "तूं काल थंय आशिल्लें आनी तोंड उगडूंक ना?"

मी हो म्हटलं.  तिने फोन ठेवला. तिचा राग मला ओळखीचा आहे. ती भांडत नाही, गप्प होते. माझ्यासारखी तोंडाळ नाही ती.

दुपारी भावजी तणतणत आले, रिकामी गाडी घेऊन. जेवून आडवे झाले तेवढ्यात ताईने किल्ली लपवली. धारगळला नेणार असाल तर देते म्हणाली. लाईनीतला नंबर गेला. भावजी माझ्याकडे न बघता हौदा उचलून, खाली लाकडी ओंडके लावून बाजूला झाले.

रंग काढला. लाल. थांबणं. पुसणं. पांढरा.

आधी काही नाही. भावजी म्हणालेसुद्धा, बघ. मग बुशच्या खालच्या अंगाला एक गुलाबी ठिपका आला, तो लांब झाला आणि लाल रेघ होऊन बुशभोवती वळली. नखाएवढी नव्हे, बोटाएवढी. माझ्या त्या सरळ, सुंदर शेवटच्या पासच्या अगदी कडेने.

भावजी वाकून ती रेघ बघायला खाली बसले.  मग उठून गेले आणि नळावर तोंड धुतलं.

मी ग्राइंडर घ्यायला आत गेले, तर बाबांनी वेल्डिंगचं मशीन झाडून-पुसून पाटावर घेतलेलं. हळद-कुंकू, झेंडूची माळ, पुढे नारळ. आज खंडेनवमी. सकाळपासून इतकी हबकलेली की आठवलंच नाही. ग्राइंडर, हातोडे, होल्डर, सगळं ओळीने मांडलेलं. मी म्हटलं, बाबा, गाडी उघडी आहे. म्हणाले, देवाक लायलेलें मशीन परवा पूजा उतरल्याशिवाय सुटणार नाही. मी आवाज चढवला. त्यांनी फक्त मेन स्विचवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले.

तसं बघितलं तर आज वेल्ड करायला सुका रॉडसुद्धा नाही. म्हापशाच्या ओळखीच्या शॉपमधून गरम पेटी उद्या येणार आहे. तरीही भांडले. कुणाशी तरी भांडायचंच होतं.

१२ ऑक्टो., शनि., दसरा

मुळगावला आज सगळ्या टिपरांची पूजा, फुलं, मिरवल्यासारख्या उभ्या. भावजींची गाडी आमच्या दारात, बिजागरी फाटलेली.

बाबांनी स्वतः जाऊन झेंडूची माळ गाडीच्या पुढच्या जाळीला बांधली. मग उजव्या ब्रॅकेटजवळ गेले. चिरेवरून बोट फिरवलं. मला वाटलं काहीतरी बोलतील, दर वेळी बोलतात. म्हणाले, ते रॉड फोर्नात घालायचे ते एप्रिल-मे मध्ये. पावसात त्यांनी कधी घातले होते की नव्हते, ते आता त्यांना आठवत नाही. पावसात तेव्हा एवढी जाड कामंच नसायची. हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हते. मला त्यांचा रागही आला आणि दयाही. मी 'असूं दी' म्हटलं.

भावजी आले सोनं द्यायला. एकटे. ताई आली नाही. दर दसऱ्याला ती पहिली येते. विचारलं तर म्हणाले, डोकं दुखतंय तिचं. भावजींना खोटं बोलता येत नाही.

दसऱ्याला गावी जाऊन आलेल्या तुकोने विचारलं, आर्मचं काय. चिरेखाणीवाल्याला आपण नवीन करून देणार, आपल्या खर्चाने, आणि का ते त्याला मीच सांगितलंय. आज सकाळी. तो म्हणाला, बरं झालं आधी तडकली. म्हणजे या एका माणसाला तरी सरळ सांगता आलं. तो अनोळखी होता, म्हणून सोपं गेलं असेल.

१३ ऑक्टो., रवि.

पूजा उतरली. मशीन मोकळं.

उजवा ब्रॅकेट कापत गेले. वर बोटाएवढी रेघ, पण आत चीर बुशच्या खाली तिरकी शिरलेली. प्रत्येक वेळी ग्राइंडर थांबवून लाल-पांढरा केला, प्रत्येक वेळी रेघ परत आली. निम्मा जोड खाल्ला तेव्हा कुठे संपली. भावजी शेजारी उभे राहून सगळं बघत होते. एकदा हळूच म्हणाले, गुरुवारी भरलेला हौदा याच्यावर होता. हो म्हटलं.

डावाही उघडला. त्यात रेघ नव्हती, पण रॉड तेच, म्हणून तोही काढला. तुको म्हणाला, बरा आहे तो कशाला. मी म्हटलं, बरा आहे की अजून बरा आहे, हे तुला सांगता येतं का. त्याने ग्राइंडर माझ्या हातात दिला.

पेटीतले रॉड एकेक काढून, एकही बाहेर उघडा पडू न देता. प्लेट तापवली, शेवटपर्यंत तापती ठेवली. तुको ज्योत धरून, मी मारत. झाल्यावर सुक्या राखेत आणि गोणपाटात गुंडाळून ठेवलं, सावकाश निवू दे. दोघांचे शर्ट पिळून काढण्यासारखे.

शेवटचा पास वाकडा आला. हात आता तसा चालत नव्हता. राहू दे.

भावजी म्हणाले, उद्या नेतो. मी म्हटलं, मंगळवारपर्यंत हात लावू देणार नाही. त्यांनी वाद घातला नाही. किल्ली कदेलीच्या हातावर ठेवून बसने गेले.

१५ ऑक्टो., मंगळ.

काल दिवसभर जाताना-येताना ब्रॅकेटकडे बघत होते. बघून काही कळत नाही हे माहीत असून.

आज रंग, स्प्रे, थांबणं. लाल पुसलं. पांढरा सुकला. दोन्ही बाजू कोऱ्या. तुको टाळी वाजवणार होता, माझं तोंड बघून त्याने हात खाली घेतला.

कारण स्प्रे दाखवतो ते वरचं. रविवारची चीर आत तिरकी गेलेली, वरच्या रेघेपेक्षा किती खोल ते कापल्यावर कळलं. आतलं बघायचं तर ते तपासायचं मशीन असलेला माणूस लागतो. मडगावचा एकजण आहे, तो पुढच्या आठवड्यात येईन म्हणाला. भावजींना फोन करून सांगितलं. आणखी एक आठवडा उभी ठेवा म्हटलं.  म्हणाले, बाकीच्या गाड्या पुढे लागल्यात, आठवडा गेला तर या फेरीत मला काम नाही. मी उद्या येतो.

मी तुम्हाला गाडी देणार नाही, असं म्हणायला माझ्याकडे काही कारण नाही. जोड चांगला आहे. चांगला असायला पाहिजे. त्या पहिल्या सोमवारीही असंच म्हणत होते.

१६ ऑक्टो., बुध.

सकाळी भावजी आले, आणि मागून ताई उतरली. इतक्या दिवसांनी. बाबांच्या पाया पडली, तुकोची चौकशी केली, माझ्याकडे आलीच नाही. थेट हौद्याच्या मागे गेली आणि ब्रॅकेटसमोर उभी राहिली. तिला त्यातलं काही कळत नाही, तरी बघत होती.

मग म्हणाली, "शमा, भितर बरें आसा?"

मी सांगितलं. वरून बरं आहे, दोन दिवस थांबून बघितलं. रॉड सुके होते, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलेत. आत मी बघितलेलं नाही. बघायचं साधन माझ्याकडे नाही. हो म्हणून सांगू शकत नाही.

ताईने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "हें पयलींच अशें सांगपाक जाय आशिल्लें," म्हणाली. रागाने नाही. मग पुढे जाऊन केबिनमध्ये चढून बसली. भावजी म्हणाले, तू कुठे. ती म्हणाली, पहिल्या खेपेला मी येणार. तुमचं तुम्ही बघा. भावजींनी तिला उतरवायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. तिने दार उघडं ठेवून, सरकून माझ्यासाठी शेजारी जागा केली. 

मी बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, तुको आसा हांगा.

तर हे गाडीतून लिहितेय. जेटीवर, माल खाली करायला आलोय. सकाळी लाईनीत शेवटचे, दुपारनंतर भरून मिळालं, येताना प्रत्येक खड्ड्याला माझे कान मागे. लाईनीत थांबलेलो असताना जवळच्या टिपरवाल्यांना मी सांगितलं, माझे रॉड ओले निघाले म्हणून. सहा-सात जण होते. कुणी हसलं नाही. एकाने फक्त विचारलं, माझ्या हौद्याची मागची ताटीपण त्याच आठवड्यातली का. नव्हती. पण तो आता दुसरीकडे जाईल, असं वाटतं. जाऊ दे.

आमची गाडी माल पाडायला मागे लागलीय. माती ओली आहे, चिकटणार. भावजींनी फावडं काढलं, ताईने ते हातातून घेतलं. आता दोघं खाली उभे राहून वाद घालतायत, हौदा वर गेला की उजव्या बाजूला कोणी जायचं. मी ओरडून सांगितलं, कोणीच नाही, सगळे लांब. ऐकत नाहीत. भावजी केबिनमध्ये चढतायत, लिव्हरला हात लावणार.

मी उतरते. ताईला धरून मागे नेते, आणि तिथून, लांबूनच, बिजागरीकडे मी बघणार.